‘दर्या’ : एका शब्दाची व्युत्पत्ती

घोड आणि भीमेच्या काठी, म्हणजे शिरूर-दौंड परिसरात, समुद्र बहुधा पाठ्यपुस्तकातूनच भेटतो. त्यामुळे ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतील भेद आमच्याकडे फळ्यावर लिहून समजवावा लागतो. ‘दऱ्या’ हे ‘दरी’चे अनेकवचन, त्याचे मूळ फाटणे, चिरणे या अर्थाच्या संस्कृत ‘दॄ’ धातूत आहे. समुद्रवाचक ‘दर्या’चा त्याच्याशी काहीही संबंध नाही.

‘दर्या’ हा शब्द फारसी म्हणून नोंदविला जातो. ती नोंद योग्यच. परंतु शब्दाचा इतिहास तेथे सुरू होत नाही. पहिला डरायस (इ.स.पू. 522–486) याने नाईल नदीपासून समुद्रापर्यंत कालवा खोदविला. त्याविषयीच्या सुएझ परिसरातील प्राचीन फारसी शिलालेखात नदीसाठी ‘रौत’ आणि समुद्रासाठी ‘द्रय’ असे दोन स्वतंत्र शब्द येतात. पैकी ‘रौत’ हा संस्कृत ‘स्रोतस्’चा आप्त. ‘द्रय’चे अवेस्ता भाषेतील रूप ‘ज़्रयह्’ आणि ऋग्वेदातील ‘ज्रयस्’. वैदिक शब्दाचा अर्थ मात्र समुद्र नसून ‘विस्तार’ असा आहे.

‘ज’ आणि ‘द’ यांचे हे नाते अपघाती नाही. संस्कृत ‘जानाति’ आणि फारसी ‘दान’ (जाणणे) यांतही तेच दिसते; म्हणजे मराठीतील ‘जाणता’ आणि ‘नादान’ हे मुळात एकाच कुळातले! मात्र यावरून ‘दर्या’ संस्कृतोद्भव ठरविण्याचा उत्साह अनाठायी होय. ‘ज्रयस्’ ही त्याची बहीण आहे, जननी नव्हे.

अर्थाचा प्रवास अधिक उद्बोधक आहे. इराणच्या फारसीत ‘दर्या’ समुद्रच राहिला. अफगाणिस्तानच्या दरीत आणि ताजिकमध्ये तो नदीवाचक झाला. आमू दर्या, सिर दर्या या नद्याच आहेत. हिंदी-उर्दूतील ‘दरिया’ही प्रामुख्याने नदीच. मराठीने मात्र समुद्र हाच अर्थ धरून ठेवला. कोकणकिनारा आणि शिवकालीन आरमार यांचा त्यात वाटा असावा, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. ‘दर्यावर्दी’, ‘दर्यासारंग’ हे शब्द खाऱ्या पाण्यावरचे. नदीसाठी मराठीला उसनवारीची गरज नव्हती.

दौंडसारख्या जंक्शनच्या गावी हिंदी सतत कानी पडते. तेथील विद्यार्थी उर्दू शेराचा अनुवाद करताना ‘दरिया’ला सहज ‘दर्या’ लिहितो आणि नदी समुद्राला मिळण्याची प्रतिमा समुद्र समुद्राला मिळण्यात बुडून जाते. अशा ठिकाणी ‘नदी’ हाच शब्द योजावा.