ऐकू येतं, पण कळत नाही!

“हाक मारली की वळून बघतो, पण सांगितलेलं कळतच नाही हो त्याला!” लोणावळा लोकलच्या बायकांच्या डब्यात एखादी आई म्हणते, अन् बाकीच्या जणी ‘लक्ष नसेल’ म्हणून मोकळ्या होतात. पण दोष कानातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेचा असू शकतो, बरं का!

अशा मुलाला शांत खोलीत निभावतं. मावळातला पाऊस पत्र्यावर कोसळू लागला की शब्द हरवतात. जन्मानंतर तीव्र कावीळ झालेल्या किंवा दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांना हा धोका अधिक.

तपासण्या दोन. ‘ओएई’त कानात छोटी नळी ठेवून आतल्या कानाचा प्रतिसाद टिपतात. ‘बेरा’त डोक्याला तारा चिकटवून नसेतले संदेश मोजतात. बाळ झोपेत असतानाच होते. सुई नाही, दुखणं नाही. पहिली चांगली आणि दुसरी बिघडलेली आली, तर दोष बहुधा नसेचाच.

म्हणून, मैत्रिणींनो, नुसत्या ओएईवर ‘कान ठीक आहेत’ ऐकून घरी परतू नका. बाळाची कावीळ डॉक्टरांना आठवणीने सांगा आणि “बेरा करायची का?” असं विचाराच. बोलणं शिकायची पहिली वर्षं पुन्हा येत नाहीत.