परक्या घंटेचा आपला नाद

मुरबाड-शहापूरकडचे कुणी सिद्धगडाच्या अंगाने डोंगर चढून भीमाशंकर गाठतात, कुणी कसारा घाट ओलांडून नाशिकला जातात. भीमाशंकरच्या देवळाच्या आवारात एक मोठी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर क्रूस आहे आणि १७२९ हे साल. नाशिकला गोदाकाठी, नारोशंकराच्या देवळातल्या घंटेवर १७२१ हे साल आहे. या घंटा मुळात चर्चच्या. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, त्या विजयाच्या खुणा म्हणून त्या देवळांत आल्या.

देवळात शिरताना आपण घंटा वाजवतो, ती देवाला ‘मी आलो’ असं सांगण्यासाठी. चर्चची घंटा मात्र उंच मनोऱ्यात असते आणि माणसांना हाक मारते. शेतात काम करणाऱ्याला ती प्रार्थनेची वेळ कळवते. गावात कुणी गेलं, तर संथ टोले देते. म्हणजे धातू तोच, नाद तोच. हाकेची दिशा तेवढी बदलली.

आता प्रश्न असा, की जो ख्रिस्ती नाही, किंबहुना देवच मानत नाही, त्याने चर्चमधलं गाणं ऐकून डोळे पुसले, तर ते ढोंग म्हणायचं का?

आपल्याकडे याचं उत्तर केव्हाच मिळालेलं आहे. भीमसेन जोशींचे अभंग किंवा कुमार गंधर्वांची निर्गुणी भजनं ऐकताना गहिवरणारे सगळेच काही माळकरी नसतात. पाश्चात्त्य संगीतातही तेच दिसतं. व्हर्दी हा काही धार्मिक वृत्तीचा माणूस नव्हे. पण कवी मान्झोनी यांच्या पहिल्या स्मृतिदिनी, १८७४ मध्ये, त्याचा ‘रेक्विएम’ मिलानच्या चर्चमध्ये गायला गेला. इंग्लंडमध्ये १९०६ साली निघालेल्या प्रसिद्ध स्तोत्रसंग्रहाचं संगीत-संपादन व्हॉन विल्यम्सने केलं, आणि तो तर तेव्हा नास्तिक होता. मरणाचं दुःख, कृतज्ञता, एकटेपण या गोष्टी कुठल्याही एका धर्माच्या मालकीच्या नाहीत.

मात्र एक पथ्य आहे. वस्तू कशासाठी घडवली, ते जाणून घ्यावं. चर्चचं छप्पर उंच आणि भिंती दगडी असतात, त्यामुळे सूर काही क्षण हवेत तरंगत राहतो. म्हणून तिथलं जुनं गायन संथ चालतं. घाईचे शब्द तिथे एकमेकांत मिसळून जातील. इमारत हेही तिथे एक वाद्यच असतं.

वसईच्या किल्ल्यात हे उलट बाजूने समजतं. फ्रान्सिस्कनांच्या चर्चच्या कमानी उभ्या आहेत, जमिनीत पोर्तुगीज अक्षरांच्या समाधिशिला आहेत. पण मुख्य दालनाचं छप्पर नाही. छप्पर गेलं, तसा आवाजही गेला. तो ऐकायचा, तर किल्ल्याबाहेरच्या नांदत्या चर्चमध्ये जावं. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या व्हॅटिकन परिषदेनंतर उपासनेत लोकभाषा आल्या, आणि आज वसईत मराठी गीतं पेटी-तबल्यावरही ऐकू येतात. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी तर त्याच्या कितीतरी आधी ख्रिस्तभक्ती अभंगांत बांधली होती. त्यांचं १९१९ मध्ये निधन झालं.

तेव्हा सवड काढून वसईला जरूर जा. आसनगावहून दिव्याला गाडी बदलली, की वसई रोड. मुरबाडकरांनी कल्याणमार्गे यावं. किल्ल्यातल्या भिंतींवर नावं कोरू नका, समाधिशिलांवर पाय देऊन फोटो काढू नका. चर्चमध्ये प्रार्थना चालू असेल, तर मागच्या बाकावर गप्प बसा. गुडघे टेकायलाच हवेत असं नाही, ते नाटक कुणी मागत नाही.

या घंटा एकेकाळी लढाईतून आल्या, त्यांच्या नादासाठी नव्हे, तर जिंकल्याची खूण म्हणून. आपल्याला आज काही जिंकायचं नाही. पाहुण्यासारखं जावं, मन लावून ऐकावं आणि यजमानांना नमस्कार करून परतावं. त्यासाठी श्रद्धा नसली तरी चालते, अदब मात्र हवी.