बिनतारी संवेदकांचे आयुष्य

अमेरिकेच्या मेन राज्याच्या किनाऱ्यापासून काही अंतरावर ग्रेट डक नावाचे लहानसे बेट आहे. स्टॉर्म पेट्रेल हे सागरी पक्षी तेथे जमिनीत बिळे करून अंडी घालतात. अंडी उबविण्याच्या पहिल्या दोन आठवड्यांत वारंवार व्यत्यय आल्यास ते बीळ सोडून जाण्याचा संभव असतो. म्हणून २००२ साली बर्कली येथील संशोधकांनी बिळांत व त्यांच्या आसपास तापमान, आर्द्रता इत्यादी मोजून बिनतारी संदेशाने कळविणारी बत्तीस उपकरणे बसविली. मनुष्याची ये-जा टाळावी, हाच यामागील हेतू. बॅटरी बदलण्यासाठी पुन्हा बिळाशी जावे लागले असते, तर या हेतूवरच पाणी फिरले असते.

प्रत्येक उपकरणास शक्ती पुरविण्यासाठी दोन पेन्सिल सेल होते. त्यांतून सुमारे २,२०० मिलिअँपिअर-तास इतकी वीज मिळेल आणि ती नऊ महिने पुरली पाहिजे, असा हिशेब होता. म्हणजे दिवसाला जेमतेम ८ मिलिअँपिअर-तास वाट्यास येतात. आता खर्चाची बाजू पाहू. मिलिअँपिअर-तासाचा दहा लाखावा भाग हे एक एकक मानले, तर या उपकरणास एक संदेश पाठविण्यास २० एकके लागत, संदेश ग्रहण करण्यास ८, आणि कोणी संदेश पाठवीत आहे काय याचा नुसता कानोसा घेण्यास दर मिलिसेकंदास १.२५ एकके लागत.

वरवर पाहता शेवटचा आकडा क्षुल्लक भासतो. परंतु दर मिनिटास एक याप्रमाणे दिवसभर संदेश पाठविले, तरी त्यांचा एकूण खर्च ०.०३ मिलिअँपिअर-तासापेक्षा कमी भरतो. उलट, ग्राहक यंत्र दिवसभर चालू ठेवल्यास १०८ मिलिअँपिअर-तास खर्च होतात आणि सेल अवघ्या वीस दिवसांत संपतात. दिवसभराच्या सर्व संदेशांना लागणारी वीज तेवीस सेकंदांच्या निष्फळ प्रतीक्षेत नाहीशी होते. बॅटरीचा क्षय कामामुळे होतो त्याहून कितीतरी अधिक तो कामाची वाट पाहण्यामुळे होतो, हे यावरून स्पष्ट होते.

यास्तव उपकरणास शक्य तितका वेळ निद्रिस्त ठेवणे, हा आयुष्य वाढविण्याचा मुख्य उपाय होय. ग्राहक यंत्र शंभरातील एकच भाग वेळ चालू ठेवले, तर १०८ ऐवजी सुमारे १ मिलिअँपिअर-तासात दिवस भागतो. मात्र येथे एक अडचण उद्भवते. ज्या जाळ्यात एका उपकरणाचा संदेश दुसऱ्याने पुढे न्यावयाचा असतो, तेथे शेजारी झोपलेला असताना त्याला हाक कशी ऐकू जावी? यावर दोन मार्ग रूढ झाले. पहिल्यात शेजारची उपकरणे आपापली घड्याळे जुळवून ठरल्या वेळी एकदम जागी होतात. दुसऱ्यात प्रत्येक उपकरण ठराविक काळाने क्षणभर जागे होऊन कानोसा घेते. संदेश पाठविणाऱ्याने मूळ संदेशाआधी, शेजाऱ्याच्या निद्राकाळाहून किंचित लांब अशी हाक देत राहावयाचे असते. यात प्रेषकाचा खर्च वाढतो. तथापि संदेश क्वचितच पाठवावयाचे असल्याने एकंदरीत बचतच होते.

एवढ्याने प्रश्न सर्वस्वी सुटत नाही. मध्यवर्ती केंद्रानजीकच्या उपकरणांना इतर सर्वांचे संदेश वाहून न्यावे लागतात. त्यामुळे त्यांचे सेल प्रथम संपतात आणि दूरची उपकरणे सुस्थितीत असूनही त्यांचा आवाज केंद्रापर्यंत पोहोचत नाही. म्हणून अनेकांची मोजमापे एकाच संदेशात एकत्र करणे, तसेच जड काम आळीपाळीने वाटून घेणे, या युक्त्या योजल्या जातात.

शिवाय निद्रा जितकी दीर्घ, तितका संदेश विलंबाने पोहोचतो. बिळातील तापमान काही मिनिटे उशिरा कळले, तरी बिघडत नाही. परंतु अशी जाळी मनुष्याच्या रक्षणासाठीही उभारली जातात. केरळातील मुन्नार येथे अमृता विद्यापीठाने दरड कोसळण्याची पूर्वसूचना मिळावी म्हणून असे जाळे उभारले आहे. अशा ठिकाणी तोच विलंब प्राणघातक ठरू शकतो. कोरड्या ऋतूत तेथे मोजमापे विरळ घेता येतात. मुसळधार पावसात मात्र ती वरचेवर घ्यावी लागतात. कोणत्या वेळी झोपावे आणि कोणत्या वेळी जागे राहावे, हे संवेदकांना नेमके शिकविण्यावरच त्यांची उपयुक्तता अवलंबून असते.