मागाचा खडखडाट आणि उतारवयातले कान

इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग सुरू केला आणि पुढे हे शहर मागांच्या आवाजातच वाढले. साध्या मागांच्या शेडमधला आवाज बहुधा ९० डेसिबलच्या पुढे जातो. आठ तासांच्या कामासाठी ८५ ही सुरक्षित मर्यादा मानतात. वर्षानुवर्षे असा आवाज सोसून अंतर्कर्णातल्या केसपेशी मरतात आणि त्या पुन्हा तयार होत नाहीत. म्हणून इथल्या साठीपुढच्या माणसाची तपासणी रक्तदाब-साखरेवर थांबू नये. कानही तपासले जावेत.

‘वय झाले, कमी ऐकू येणारच’ हे म्हणणे अर्धेच खरे आहे, आणि तेवढ्यावर गप्प बसणे महागात पडते. ऐकू न येणारा माणूस बोलण्यातून बाजूला पडतो आणि ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या आयोगाने श्रवणदोष हा स्मृतिभ्रंशाच्या बदलता येण्याजोग्या १४ धोक्यांपैकी एक मानला आहे. श्रवणयंत्राने गलकाच वाढतो, ही तक्रार खोटी नाही; पण मेंदूला सवय व्हायला काही आठवडे लागतात आणि यंत्राची जुळणी पुन्हा करून घेता येते. यंत्राने स्मृतिभ्रंश टळेलच असे म्हणता येत नाही, तरी घरातला संवाद परत येणे हा लाभ थोडा नव्हे. घरात टीव्हीचा आवाज वाढत चालला असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून ऑडिओमेट्री (श्रवणचाचणी) करून घ्या; आणि जे आजही मागावर उभे आहेत, त्यांनी इअरप्लग वापरावेत.