खोऱ्यांची आडनावे

भोर-वेल्ह्याकडचा जाणता माणूस आडनाव ऐकले की गावाआधी नदी ओळखतो. बांदल म्हटले की वरच्या नीरेचे हिरडस मावळ. जेधे किंवा खोपडे म्हटले की रोहिड खोरे. मरळ असतील तर तोरण्याच्या पायथ्याचे कानद खोरे, शिळीमकर असतील तर राजगडाखालचे गुंजण मावळ, पासलकर असतील तर मोसे खोरे, कोंडे असतील तर शिवगंगेकाठचे खेडेबारे. महाराष्ट्रात आडनावावरून जात, पेशा किंवा गाव ताडण्याची सवय सगळीकडेच आहे. पण आडनावावरून पाणलोट ओळखता यावा, असा मुलूख हाच.

याला कारण इथली जमीन आहे. सह्याद्रीच्या मुख्य धारेपासून पूर्वेकडे डोंगराच्या सोंडा निघतात आणि दोन सोंडांच्या मध्ये एकेक नदी वाहते. गुंजवणी, कानंदी आणि वेळवंडी नीरेला मिळतात, तर मोसे आणि आंबी मुठेकडे जातात. पावसाळ्याचे चार महिने एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात जायचे तर खिंड चढून उतरावी लागे, म्हणून बाजार, पंचायत आणि देवाची जत्रा खोऱ्यातच होई. बारा मावळ म्हणतात ती अशी एकेक खोरी होती. त्यांतली काही आज मुळशी आणि मावळ तालुक्यांत मोडतात, पण राजगड-तोरणा-रोहिडा या गडांभोवतीचा गाभा भोर आणि वेल्हे तालुक्यांत आहे. वेल्ह्याचे नाव राजगड करायला राज्य मंत्रिमंडळाने २०२४मध्ये मान्यता दिली.

पद एक, कूळ दुसरे

निजामशाही आणि आदिलशाहीच्या काळात प्रत्येक खोऱ्यावर देशमुख असे. सारा गोळा करणे, पडीक जमीन लागवडीखाली आणणे, गरज पडली की माणसे घेऊन लढायला उतरणे ही त्याची कामे. हिशेब देशपांड्याकडे असे. गावपातळीवर हीच जोडी पाटील आणि कुलकर्णी या नावांनी पुन्हा दिसते. या हुद्द्यांची वतने वंशपरंपरेने चालत, म्हणून हुद्दाच हळूहळू आडनावाच्या जागी येऊन बसला.

हिरडस मावळात दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी दिसतात. खोऱ्याचे देशमुख बांदल आणि देशपांडे बाजीप्रभू. बाजीप्रभू चांद्रसेनीय कायस्थ प्रभू होते आणि भोरजवळचे शिंद त्यांचे गाव. जुलै १६६०मध्ये पन्हाळ्याहून विशाळगडाकडे जाताना घोडखिंडीत, म्हणजे पुढच्या पावनखिंडीत, बाजीप्रभू आणि बांदलांची माणसे एकाच फळीत लढली. एकाचे आडनाव हुद्द्याचे, दुसऱ्याचे कुळाचे. आज ‘देशपांडे’ आडनावाचा माणूस बेळगावपासून नागपुरापर्यंत कुठेही भेटतो आणि त्या आडनावावरून त्याचे मूळ गाव कळत नाही. देशमुखांचेही तेच. कुळाचे आडनाव मात्र माणसाला खोऱ्याशी बांधून ठेवते. म्हणूनच या भागातली अनेक घराणी आजही ‘जेधे देशमुख’, ‘बांदल देशमुख’ अशी जोडी लिहितात. पहिला शब्द कुठले ते सांगतो, दुसरा काय होतो ते.

नेपाळमध्ये आडनावाला ‘थर’ म्हणतात, आणि तिथेही हीच घडण आहे. कार्की हे करवसुलीच्या कामावरून, भंडारी कोठाराच्या कामावरून, अधिकारी हे सरळ पदावरून आलेले. पश्चिम नेपाळमधल्या खस राज्यातली पदे केव्हाच लोपली, पण ती नावे धारण करणारी कुटुंबे काठमांडूपर्यंत आणि तिथून भारतातल्या शहरांपर्यंत पोहोचली. डोंगराळ मुलखात राज्यकारभार खोऱ्याखोऱ्याने चालतो आणि पद घरात वंशपरंपरेने राहते, तिथे आडनावे अशीच तयार होतात.

पद कुळाला पूर्ण झाकून टाकते याचेही उदाहरण भोरातच आहे. राजाराम महाराजांच्या काळात सचिवपद मिळालेले शंकराजी नारायण मूळचे गांडेकर. त्यांच्या वंशजांनी भोर संस्थानावर ८ मार्च १९४८ रोजी ते मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत राज्य केले, पण लोकांच्या तोंडी ते घराणे कायम ‘पंतसचिव’ राहिले. रायरेश्वराच्या पठारावर याहून साधा प्रकार दिसतो. तिथल्या देवळाची पूजा करणारी कुटुंबे जंगम आणि आडनावही जंगम. पंथ, सेवा आणि आडनाव यांत वेगळेपण उरलेलेच नाही.

भांडणांनी राखलेला इतिहास

या आडनावांचा इतिहास इतका तपशिलात मिळतो, याचे श्रेय बऱ्याच अंशी भाऊबंदकीला द्यावे लागेल. वतनावर दोघांनी हक्क सांगितला की प्रकरण गोतसभेपुढे जाई. मग वादी-प्रतिवादी आपापल्या घराण्याची हकीकत लिहून देत, तिला करीना म्हणत. निवाडा झाला की साक्षीदारांच्या निशाण्यांसह महजर होई. मूळ पुरुष कोण, तो कुठून आला, वतन कुणी दिले, कुणाचा खून कुणी केला, हे सगळे त्या कागदांत येते. जेधे करीना हा अशाच कागदांतला एक. ज्यांच्या वतनाला कुणी आव्हान दिले नाही, त्यांचे पूर्वज बहुधा कागदावर आलेच नाहीत.

रोहिड खोऱ्यात जेधे कारीचे आणि खोपडे उत्रौलीचे. एकाच खोऱ्याच्या देशमुखीत दोघांचाही वाटा असल्याने त्यांचे वैर जुने होते. अफझलखान चालून आला तेव्हा विजापूरच्या दरबारातून मावळातल्या देशमुखांना फर्माने सुटली. कान्होजी जेध्यांच्या नावचे फर्मान १६ जून १६५९चे आहे. कान्होजी आपल्या मुलांना घेऊन शिवाजी महाराजांकडे गेले आणि त्यांनी वतनावर पाणी सोडले. खंडोजी खोपडे खानाला मिळाले. पुढे पकडल्यावर त्यांचा एक हात आणि एक पाय तोडण्याची शिक्षा झाली. जेध्यांना तलवारीच्या पहिल्या पानाचा मान मिळाला, आणि पावनखिंडीनंतर तो मान बांदलांकडे गेला, अशी परंपरा आहे.

मात्र ही घराणी एकमेकांपासून तुटलेली नव्हती. मोसे खोऱ्यातले बाजी पासलकर हे कान्होजींचे सासरे होते. स्वराज्याच्या पहिल्या वर्षांत सासवडच्या बाजूला झालेल्या लढाईत ते कामी आले. खोरी वेगळी, सोयरीक मात्र खिंड ओलांडून, असे सगळ्या मावळाचे नात्यांचे जाळे होते.

जेध्यांच्या घरातला एक कागद तर महाराष्ट्राच्या इतिहासाचा पायाच ठरला. शके १५४० ते १६१९ या काळातल्या घटनांची नोंद असलेली ही जेधे शकावली कारीच्या घराण्याने जपली आणि लोकमान्य टिळकांनी १९१६मध्ये ती प्रसिद्ध केली. शिवजन्माची फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ ही तिथी, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, हिच्याच आधारे पुढे मान्य झाली. एका आडनावाच्या दप्तराने देशभराच्या जयंतीची तारीख ठरवली.

धारेने जाणारे, खोऱ्याने जाणारे

देशमुखांच्या पलीकडेही या तालुक्यांत बरेच काही आहे. घाटमाथ्यावर गवळी धनगरांचे वाडे आहेत आणि तिथे ढेबे, मरगळे, कोकरे, आखाडे अशी आडनावे सापडतात. त्यांचा पसारा खोऱ्यांच्या अगदी उलट दिशेने आहे. गुरे घेऊन फिरणाऱ्या या समाजाला नदी महत्त्वाची नव्हती, डोंगराची सलग धार महत्त्वाची होती. त्यामुळे वेल्ह्याच्या माथ्यावरचे आडनाव खालच्या बाजारगावात क्वचितच सापडते, पण उत्तरेला मुळशीत आणि दक्षिणेला महाबळेश्वर-पोलादपूरकडे गेलात तर पुन्हा भेटते. नकाशावर दोन्ही प्रकारची आडनावे काढली तर खोऱ्यातल्यांचे पट्टे पूर्व-पश्चिम आणि धनगरांचा पट्टा दक्षिणोत्तर दिसेल.

खोऱ्यातल्या आडनावांचा पहिला फैलाव लष्करी चाकरीने झाला. वेळवंड खोऱ्यातल्या भुतोंड्याचे येसाजी कंक १६८३मध्ये गोव्याजवळ फोंड्याला पोर्तुगिजांशी लढले आणि त्यांचा मुलगा कृष्णाजी त्याच लढाईतल्या जखमांनी गेला. मोहिमेवर गेलेले सगळेच परतत नसत. कुणाला इनाम मिळे, कुणी छावणीच्या गावी स्थिरावे, आणि मूळ गावापासून शंभर कोसांवर त्याच आडनावाची दोन-चार घरे उभी राहत. भीमेकडच्या शिक्रापूर भागात बांदल भेटतात, ते नीरेपासून किती दूर आहे हे नकाशा पाहिल्यावर लक्षात येते.

दुसरा फैलाव पुण्याच्या वाटेने झाला. शेती पावसाची, भात आणि नाचणीची. घरात दोन भाऊ झाले की एकाला शहराची वाट धरावीच लागे. याच वाटेवरचे सर्वांत ठळक नाव केशवराव जेधे यांचे. त्यांच्या घरचा पुण्यात पितळी भांड्यांचा धंदा होता. सत्यशोधक चळवळ, ब्राह्मणेतर पक्ष, काँग्रेस, शेतकरी कामगार पक्ष आणि शेवटी संयुक्त महाराष्ट्र समिती असा त्यांचा प्रवास झाला. १९५९मध्ये ते वारले. शुक्रवार पेठेतले जेधे मॅन्शन त्या सगळ्या चळवळीचे केंद्र होते. स्वारगेटच्या चौकाला आज त्यांचे नाव आहे, आणि भोर-वेल्ह्याच्या एसटी गाड्या याच चौकाशेजारच्या स्थानकावर उतारू सोडतात.

पाण्याने हलवलेली गावे

तिसरा फैलाव धरणांनी केला आणि तो सर्वांत मोठा. याच खोऱ्यांचा पाऊस अडवून पुणे शहर आणि खालचा दुष्काळी पट्टा पाणी पितो. वेळवंडीवर भाटघरला एकोणिसाव्या शतकातच बंधारा झाला होता, तिथेच १९२८मध्ये मोठे धरण पूर्ण झाले. आंबी नदीवरचे पानशेत धरण १२ जुलै १९६१ला फुटले आणि पुण्यात हाहाकार झाला. ते नंतर पुन्हा बांधले गेले. मोसे नदीवर वरसगाव, वरच्या नीरेवर नीरा देवघर आणि वेल्ह्यात गुंजवणी प्रकल्प ही पुढची नावे.

यातला योगायोग नजरेआड करता येत नाही. भाटघरच्या जलाशयाला येसाजी कंकांचे नाव आहे आणि वरसगावच्या जलाशयाला बाजी पासलकरांचे. म्हणजे ज्या खोऱ्यातून आडनाव निघाले ते खोरे पाण्याखाली गेले आणि आडनाव पाण्याला मिळाले. गौरव खराच, पण त्या नावाची माणसे तिथून उठली, हेही तितकेच खरे.

ती कुठे गेली? पुनर्वसनाच्या धोरणात याचे उत्तर आहे. १९७६मध्ये महाराष्ट्राने प्रकल्पग्रस्तांसाठी कायदा केला आणि धरणाचा लाभ ज्यांना मिळणार, त्यांच्या जमिनीतून विस्थापितांना जमीन देण्याचे तत्त्व पक्के झाले. परिणाम असा की डोंगरातली कुटुंबे कालव्याच्या टोकाकडे सरकली. पानशेत-वरसगावचे अनेक धरणग्रस्त दौंड तालुक्यात वसले. भाताच्या खाचरात वाढलेल्या माणसांना तिथे काळी जमीन आणि ऊस शिकावा लागला. पासलकर हे नाव आता मोसेच्या काठाइतकेच भीमेच्या काठीही ऐकू येते. आडनावांचा हा नवा नकाशा जलसिंचन खात्याने काढला, कुठल्याही बखरकाराने नाही.

दरम्यान ज्या पदांनी अनेक आडनावे दिली होती, ती पदेही गेली. परगणा आणि कुलकर्णी वतने १९५०च्या कायद्याने संपली, मुलकी पाटलाचे पद १९६२च्या कायद्याने. पाटील आणि देशमुख ही आडनावे उरली ती निव्वळ ओळख म्हणून. त्यांच्याबरोबर सारा, हक्क किंवा मान यांतले काहीही येत नाही, फार तर लग्नपत्रिकेत वजन येते.

मोजायचे कसे?

२०११च्या जनगणनेत भोर तालुक्यात सुमारे १ लाख ८६ हजार आणि वेल्हे तालुक्यात सुमारे साडेचौपन्न हजार लोक होते. त्यांत जेधे किती आणि बांदल किती, हे जनगणना सांगत नाही. आडनावनिहाय आकडे ती जाहीर करत नाही. मतदार याद्या चाळून अंदाज बांधता येतो, पण लग्नानंतर आडनाव बदललेल्या स्त्रिया त्यात सासरच्या नावाने येतात आणि शहरात गेलेल्यांचे नाव दोन्हीकडे किंवा कुठेच नसते.

जुने कागद तर आडनावाच्या बाबतीत आणखीच कंजूस आहेत. जमिनीच्या आणि जन्म-मृत्यूच्या मोडी नोंदींत ‘अमुक बिन तमुक’ एवढेच असे. गावात सगळे एकमेकांना ओळखत, तिथे आडनाव लिहिण्याची गरज कुणाला? आडनाव पक्के झाले ते शाळेच्या पटावर, पलटणीच्या रजिस्टरात आणि गिरणीच्या हजेरीवर, म्हणजे गाव सोडून अनोळखी माणसांत जाण्याची वेळ आली तेव्हा.

हा प्रश्न सप्टेंबर २०२३पासून अचानक घरोघरी आला. मराठा आरक्षणाच्या मागणीतून कुणबी नोंदी शोधण्यासाठी राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि तहसील कचेरीतली जुनी दप्तरे खाली उतरली. मोडी वाचणाऱ्यांना मागणी आली. पणजोबाच्या नावापुढे ‘कु.’ किंवा ‘कुणबी’ सापडले, पण आडनाव नाही, मग तो पणजोबा आपलाच हे सिद्ध करायचे कसे, असा पेच कित्येकांपुढे आला. धरणात गाव गेलेल्यांना तर दोन तालुक्यांच्या कचेऱ्या पालथ्या घालाव्या लागतात.

अशा शोधाला निघालेल्याने नुसत्या आडनावाचा पाठलाग करू नये. मूळ खोरे, कुलदैवत, देवक, भाऊबंदांची गावे आणि जमिनीचा जुना सर्व्हे नंबर यांचा मेळ घातला तरच माग लागतो. घरातल्या पेटीत महजर, सनद किंवा साधी सारापावती असेल तर आधी तिचे छायाचित्र काढावे आणि मग ती भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेतल्या जाणकाराला दाखवावी. कारीच्या घराण्याने आपल्या पेटीतला कागद वेळेत बाहेर दिला, म्हणून तो आज साऱ्यांचा इतिहास आहे. पण शिळीमकर, मरळ, ढेबे किंवा जंगम यांच्या घरांतही कागद आहेत, आणि त्यांतली पुष्कळशी घरे आता मूळ गावी नाहीत.