बाहेरच्या भिंतीचं इन्सुलेशन: बर्गनचा माल परळमध्ये चालेल का?

मागच्या आठवड्यात दुकानावर एक जुना विद्यार्थी आला. परदेशातले व्हिडिओ बघून त्याच्या डोक्यात एक आयडिया पक्की बसली होती. बाहेरच्या भिंतीला लावायचे फोमचे बोर्ड घाऊक आणायचे आणि दादर-परळच्या सोसायट्यांना विकायचे. साठवलेले दोन लाख तयार होते. "सर, माल भरू का?" म्हटलं, आधी चहा घे. त्या चहावर झालेलं बोलणं इथे लिहितोय, कारण हाच प्रश्न कॉमेंटमध्येही खूप जणांनी विचारलाय.

नॉर्वेत बर्गन नावाचं समुद्राकाठचं शहर आहे. तिथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, म्हणजे जवळपास मुंबईइतकाच. पण तिथे तो वर्षभर पडतो आणि बाहेर थंडी असते. घरात हीटर चालू. म्हणजे उष्णता आणि घरातली वाफ, दोन्ही आतून बाहेर पळतात. म्हणून तिथे भिंतीवर जाड इन्सुलेशन आणि वाफ अडवणारा थर आतल्या बाजूला असतो. आपल्याकडे उलटं आहे. बाहेर उकाडा आणि दमटपणा, आत एसी, त्यामुळे वाफ बाहेरून आत यायला बघते. एसीच्या खोलीत प्लॅस्टिकचा वॉलपेपर लावला की काही महिन्यांत त्याच्यामागे काळी बुरशी येते, ती यामुळेच. तिकडचं डिझाईन जसंच्या तसं इथे लावलं तर आपण स्वतःच ओल कोंडून ठेवतो.

फोम वाईट आहे असं नाही हं. एक इंच थर्माकोल साधारण वीस इंच विटेच्या भिंतीइतकी उष्णता अडवतो. पण गिरगाव-लालबागचा ग्राहक भिंतीसाठी येतो तेव्हा त्याचं दुखणं उष्णता नसतं, ओल असते. उकाड्याची तक्रार करतो तो सगळ्यात वरच्या मजल्यावरचा माणूस. ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि त्यांची औषधंही वेगळी.

आधी भिंत. पाऊस नैऋत्येकडून येतो, म्हणून मार बसतो पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंतीला. पाणी शिरतं ते भेगांतून, छज्जाच्या सांध्यातून आणि पाईपच्या बाजूने. हे बुजवल्याशिवाय कुठलाही महाग रंग काम करत नाही.

इथे माझी चूक सांगतो. धंद्याच्या सुरुवातीला गिरगावात एका जुन्या इमारतीच्या भिंतीला मी मे महिन्यात जाड, रबरासारखा वॉटरप्रूफ कोट सुचवला होता. त्या भिंतीला चुन्याचा गिलावा होता. चुना पाणी पितो आणि ऊन मिळालं की सोडतो. माझ्या कोटने बाहेर सुटायची वाटच बंद केली. जुलैत फुगे आले, गणपतीपर्यंत पापुद्रे लोंबायला लागले. सगळं काढून पुन्हा केलं, माझ्या खिशातून. तेव्हापासून भिंत चुन्याची की सिमेंटची, हे विचारल्याशिवाय मी डबा काढत नाही.

ओल बाहेरून येते की आतून, हे बघायची सोपी युक्ती आहे. भिंतीवर हातभर प्लॅस्टिक चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि दोन दिवसांनी बघा. प्लॅस्टिकच्या मागे थेंब दिसले तर पाणी भिंतीतून येतंय. वरच्या बाजूला दिसले तर खोलीतली वाफ थंड भिंतीवर जमतेय.

लालबागमधल्या आपल्या अर्ध्या ग्राहकांचं गाव कोकणात. त्यांना एक गोष्ट पटकन समजते. गावी पावसाळ्याआधी मातीच्या भिंतीसमोर झावळ्यांचे झाप बांधतात. झडीचा मार झापावर, भिंत मागे कोरडी आणि मधून वारा खेळतो. बर्गनची लाकडी फळ्यांची घरं याच तत्त्वावर उभी आहेत, फळी आणि भिंतीमध्ये पोकळी ठेवतात. आपल्याकडे उघड्या पश्चिम भिंतीला पोकळी सोडून पत्रा लावणं हा त्याचाच भाऊ. फक्त स्क्रूवर पैसे वाचवू नका. खाऱ्या हवेत आधी गंजतो तो स्क्रू, मग पत्रा निघून खाली येतो. आणि परवानगीचं वॉर्ड ऑफिसला आधी विचारा.

आता गच्ची. मुंबईचा जुना उपाय म्हणजे विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि वर पांढऱ्या टाईलचे तुकडे. उतार मिळतो, ऊन परत फेकलं जातं. पण चार इंच कोबा म्हणजे एका चौरस मीटरवर दीड-दोनशे किलो. १९४० पूर्वीच्या उपकरप्राप्त इमारतीवर जुन्या कोब्यावर नवा कोबा चढवणं हा खेळ नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय कोटेशन देऊ नका. अशा ठिकाणी गळती आधी बंद करून वर पांढरा, ऊन परावर्तित करणारा कोट हलका पडतो. फोमचा बोर्ड शोभतो तो इथेच, वॉटरप्रूफिंगच्या वर, आणि त्याच्यावर संरक्षक थर.

बोर्ड विकायचाच असेल तर त्याच्या आगीच्या चाचणीचा कागद कंपनीकडून मागा. १४ जून २०१७ ला लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये आग बाहेरच्या आवरणावरून वर चढली आणि ७२ माणसं गेली. चाळीत तर जिनाही एकच आणि तोही लाकडी.

मग दोन लाखांचं काय? मी त्याला माल भरू दिला नाही. ओल मोजायचं मीटर काही हजारांत येतं, ते घ्यायला लावलं. गळती दिसते जुलै-ऑगस्टमध्ये, तेव्हा फिरून पाहणी करायची, फोटो काढायचे, पाहणीचे पैसे घ्यायचे. काम करायचं भिंत वाळल्यावर, नोव्हेंबरपासून. नवा गिलावा केला तर रंगाआधी तीन-चार आठवडे तसेच सोडायचे. सगळे जण मे महिन्यात फोन करतात, तेव्हा कारागीर मिळत नाही आणि घाईत ओल्या भिंतीवर रंग मारला जातो. माल ऑर्डर आली की ॲडव्हान्समधून आणायचा.

थोडा हिरमुसला खरा. पण परवा लालबागला एका सोसायटीच्या पाहणीला गेला, हातात मीटर, पिशवीत प्लॅस्टिकचा रोल आणि टेप.