देवचाफ्याची लागवड : लोणी भापकरच्या संदर्भात

बारामती तालुक्यातील लोणी भापकर येथील मल्लिकार्जुनाचे यादवकालीन मंदिर व तेथील पुष्करणी अभ्यासकांस परिचित आहेत. अशा स्थळी देवचाफा शोभतो, हे खरे. परंतु मंदिर उभे राहिले तेव्हा हा वृक्ष भारतात नव्हता. तो मूळचा मेक्सिको, मध्य अमेरिका व कॅरिबियन बेटांचा. त्याच्या ‘प्ल्यूमेरिया’ या नावात शार्ल प्ल्यूमिए (१६४६–१७०४) या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाचे स्मरण आहे. संस्कृत ग्रंथांतील ‘चंपक’ म्हणजे सोनचाफा; दोहोंची कुळेही भिन्न. नामसाम्यावरून देवचाफ्याचे प्राचीनत्व सिद्ध करू पाहणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

लागवड फांदीपासून करावी. हातभर लांबीची पक्व फांदी उन्हाळ्याच्या प्रारंभी कापावी व कापातून स्रवणारा चीक सुकेपर्यंत आठ-दहा दिवस सावलीत ठेवावी. ओली फांदी तशीच पुरल्यास कुजते. पर्जन्यछायेतील या प्रदेशात चाफ्यास धोका अवर्षणाचा नव्हे, अतिदक्षतेचा आहे. त्याच्या मांसल फांद्यांत पाणी साठलेले असते. काळ्या जमिनीत आळे तुंबले, की मुळे जातात. म्हणून खड्ड्यात वाळू व मुरूम मिसळावा आणि पानगळीच्या काळात पाणी जवळजवळ बंद ठेवावे. पानांच्या पाठीवर नारिंगी पुटकुळ्या दिसल्यास तो तांबेरा होय. अशी गळलेली पाने वेचून जाळावीत.

बियांपासूनही रोपे होतात. पण शेंगा विरळाच धरतात. फुलांत मध नसतो. रात्रीच्या सुगंधाला भुलून येणारे पतंग रिकामेच परततात. परागसिंचन झालेच, तर ते या फसगतीतून.